निर्धास्तांचं गुणगान

शायरचा महापौर दर सात वर्षांनी निवडला जाई. ऐन उन्हाळ्यात व्हाइट डाउन्सच्या टेकड्यांवर जत्रा भरे आणि निवडणूक तिथेच उरके. निवडून आलेल्याचं मुख्य काम एकच: सणावाराच्या मेजवान्यांत अध्यक्षस्थानी बसणं. सण पुष्कळ होते, त्यामुळे काम पुरेसं होतं. टपाल आणि पहारा ही दोन खातीही त्याच्याकडेच असत. पहाऱ्याला सगळ्या मुलखात मिळून बारा शिपाई, चार परगण्यांत तीन-तीन. गणवेश म्हणजे टोपीत खोचलेलं एक पीस. हद्दीवर फिरणारे राखणदार वेगळे होते. हे बाराजण आतल्या बंदोबस्ताचे, आणि आतला बंदोबस्त म्हणजे बहुतेक वेळा चुकलेली गुरं शोधून देणं.

जे. आर. आर. टोल्किन यांनी 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'च्या (१९५४-५५) सुरुवातीला हॉबिट नावाच्या बुटक्या लोकांच्या या राज्यकारभाराची तपशीलवार नोंद केली आहे. वाचणाऱ्यांना ती गंमत वाटते. मला ती जगातली सर्वांत यशस्वी शासनव्यवस्था वाटते आणि तिचं रीतसर गुणगान व्हायला हवं असंही वाटतं. इरॅस्मसने १५०९ साली थॉमस मोरच्या घरी राहून मूर्खपणाची स्तुती लिहिली, तेव्हा त्याने मूर्खपणालाच स्त्रीरूप देऊन व्यासपीठावर उभं केलं आणि स्वतःचं कौतुक स्वतः करायला लावलं. हॉबिट ते करणार नाहीत. आपण निर्धास्त आहोत हेच त्यांच्या गावी नाही, मग त्याचं समर्थन ते काय करणार? ते काम दुसऱ्या कुणीतरी अंगावर घेतलं पाहिजे.

आधी हा निर्धास्तपणा किती जुना, ते पाहावं. तिसऱ्या युगाच्या १६०१ साली दोघा हॉबिट भावांनी आर्गेलेब दुसरा या राजाकडून ही जमीन मिळवली. अटी सोप्या होत्या. ब्रँडीवाइन नदीवरचा मोठा पूल आणि बाकीचे पूल-रस्ते दुरुस्त ठेवायचे, राजाच्या जासुदांना वाटेत मदत करायची, राजाला राजा मानायचं. पुढे १९७४ मध्ये उत्तरेचं राज्यच बुडालं. राजाच्या शेवटच्या लढाईला आपण काही तिरंदाज धाडले होते असं हॉबिट सांगतात. माणसांच्या बखरींत त्याचा मागमूस नाही. राजा गेला, पण राजाचे कायदे लोक आपखुशीने पाळत राहिले, कारण ते कायदे होते, जुने होते आणि रास्त होते. राजाच्या जागी त्यांनी 'ठेन' नेमला. हे पद टूक घराण्यात वंशपरंपरेने चालत आलं आणि शेवटी नावापुरत्या पाटीलकीसारखं उरलं. २७४७ साली ऑर्क नावाच्या खवीसांची एक टोळी आत घुसली, तिला बँडोब्रास टूकने ग्रीनफील्ड्सला पिटाळलं. त्यानंतर २७२ वर्षं शायरच्या भूमीवर एकही लढाई झाली नाही.

या २७२ वर्षांत तलवारी भिंतींवर गेल्या. चुलाणाच्या वर टांगलेली हत्यारं घराची शोभा झाली आणि बाकीची मिचेल डेल्व्हिंग गावच्या संग्रहालयात जमा झाली. टाकवत नाही आणि लागतही नाही अशा अडगळीसाठीच ते संग्रहालय होतं. बिल्बो बॅगिन्स हा हॉबिट परदेशातून परतला तेव्हा त्याच्यापाशी मिथ्रिल धातूच्या कड्यांचं एक चिलखत होतं, खवीसांना भाल्याने भेदता येणार नाही असं. त्याने ते याच संग्रहालयाला ठेवायला दिलं. वर्षानुवर्षं ते तिथे धूळ खात पडलं. पुढे मोरियाच्या खाणींतल्या अंधारात जादूगार गॅन्डाल्फ सहज बोलून जातो की त्या चिलखताची किंमत अख्ख्या शायरपेक्षा आणि शायरमधल्या सगळ्या चीजवस्तूंपेक्षा जास्त होती. बिल्बोला मात्र हे कधी सांगितलं नव्हतं. ऐकणाऱ्या फ्रोडोच्या, बिल्बोच्या वारसाच्या, अंगात, कपड्यांखाली, त्या क्षणी तेच चिलखत असतं.

या प्रसंगावरून हॉबिटांना अडाणी ठरवण्याचा मोह होतो. पण राज्याच्या मोलाची वस्तू गावच्या अडगळीत पडून राहिली आणि तिच्यापायी कुणी कुणाचा गळा धरला नाही, ही गोष्ट मध्य-पृथ्वीच्या सगळ्या इतिहासात किती ठिकाणी सापडेल? सिल्मरिल नावाच्या तीन रत्नांसाठी एल्फांनी एल्फांची कत्तल केली होती. ज्यांना मोल कळत होतं त्यांचे हात रक्ताने भरले. ज्या अंगठीभोवती ही कादंबरी फिरते, मॉर्डॉरचा स्वामी सॉरॉन याच्या त्या अंगठीचंही तेच. ती प्रत्येकाला त्याच्या हावेच्या मापाने मोहात पाडते. फ्रोडोचा सोबती सॅम याच्या हाती ती आली तेव्हा तिने त्याला मॉर्डॉरच्या ओसाड खोऱ्याची बाग करून दाखवण्याचं आमिष दाखवलं. सॅमने विचार केला आणि त्याला कळलं की आपल्या हाताने कसता येईल एवढी एक लहानशी बाग आपल्याला पुरे. ही अक्कल त्याला कुणा गुरुकुलात मिळाली नव्हती. ती सुखवस्तू, पोटभर जेवणाऱ्या, शेजारच्या गावापलीकडे न बघणाऱ्या समाजात वाढल्यामुळे मिळाली होती.

पलीकडे बघायची सोयही त्या समाजाने ठेवली नव्हती. शायरमध्ये काढलेल्या नकाशांवर हद्दीबाहेरचा भाग बहुतेक कोरा असे. ३०१८ च्या वसंतात त्या कोऱ्या भागातून खबरा येत होत्या. बटू लोक मोठ्या संख्येने पश्चिमेकडे चालले होते आणि दबक्या आवाजात मॉर्डॉरचं नाव घेत होते. एल्फ जहाजं गाठायला निघाले होते. बायवॉटरच्या ग्रीन ड्रॅगन या खानावळीत सॅम आणि गिरणीवाल्याचा मुलगा टेड सँडीमन शेकोटीजवळ बसले होते. सॅमने सांगितलं की आपला चुलतभाऊ हॅल याने उत्तरेच्या माळावर झाडाएवढ्या उंचीचं काहीतरी चालताना पाहिलं, एका ढांगेत कित्येक हात जाणारं, एल्म वृक्षासारखं. टेड म्हणाला, मग ते एल्मचं झाडच असेल. सॅमने बजावलं की ते चालत होतं, आणि त्या माळावर एल्मचं झाड मुळी नाहीच. त्यावर टेडने निकाल दिला: तिथे झाड नाही, तर हॅलला ते दिसलंच नसणार. बसलेले सगळे हसले, काहींनी टाळ्या वाजवल्या. टेडची बाजू सरशीची ठरली.

टेडचा युक्तिवाद बिनतोड आहे. नोंदीत नाही ती गोष्ट घडलेली नाही. अशा युक्तिवादावर समाज पिढ्यानपिढ्या सुखाने चालू शकतो, एवढं टोल्किन मोकळेपणाने दाखवतात. मात्र टेडचं नाव लक्षात ठेवावं, त्याची पुन्हा गाठ पडणार आहे.

शायरला ही चैन परवडत होती, कारण तिची किंमत दुसरे मोजत होते. बुडालेल्या उत्तर राज्याचे उरलेसुरले वंशज, रेंजर, शायर आणि शेजारच्या ब्री गावाच्या भोवती रानावनात फिरून पहारा देत. ब्रीचा खानावळवाला बटरबर त्यांना दारात बघून नाक मुरडायचा. त्यांच्या म्होरक्याला, म्हणजे राजवंशातल्या अ‍ॅरागॉर्नला, गावाने 'स्ट्रायडर' असं टवाळीचं नाव ठेवलं होतं. अंगठीचं काय करायचं हे ठरवणाऱ्या रिव्हेन्डेलच्या सभेत अ‍ॅरागॉर्न याचा उल्लेख करतो. एका जाड्या माणसापासून दिवसभराच्या वाटेवर असे शत्रू आहेत की त्याचं काळीज गोठावं, आणि तोच माणूस आपल्याला हलक्या नावाने हाक मारतो, असं तो सांगतो. तरीही आपल्याला दुसरं काही नको, असं म्हणतो. साध्या लोकांच्या मागे काळजी आणि भीती नसेल तर ते साधेच राहणार, आणि त्यांना तसं राहता यावं म्हणून आपण गुप्त राहायचं. आपण ज्यांची राखण करतो त्यांना त्याची जाणीव नसणं, हीच त्याच्या लेखी राखणीची पावती होती. या माणसाने केलेली निर्धास्तपणाची स्तुती माझ्या स्तुतीपेक्षा फार मोठी आहे. मी केवळ शब्द खर्च करतो आहे, त्याने आयुष्याची कित्येक दशकं खर्च केली.

पहारा उठल्यावर काय होतं तेही पुस्तकात आहे. ब्रीमध्ये दंगल झाली आणि पाचजण मेले, तीन माणसं आणि दोन हॉबिट. हिवाळ्यात लांडगे कुंपणापाशी येऊन ओरडू लागले. त्यानंतर बटरबर कबूल करतो की रेंजर आपल्यासाठी काय करत होते ते आपल्याला नीट उमगलंच नव्हतं.

फ्रोडोचं मतही इथे नोंदवायला हवं. अंगठीची खरी हकीकत कळल्यावर तो गॅन्डाल्फला सांगतो की गावकऱ्यांचा मठ्ठपणा बघून यांच्यावर एखादा भूकंप किंवा ड्रॅगनांची धाड यावी असं आपल्याला कधीकधी वाटायचं. आता तसं वाटत नाही. आपण भटकत असताना मागे शायर सुखरूप आहे, एवढं ठाऊक असलं तर भटकणं सोसेल. स्वतः जागा झालेला माणूस इतरांना झोपू द्यायला तयार होतो, आणि तेही कुरकुर न करता. या कादंबरीत तलवारीचे पराक्रम पुष्कळ आहेत. मला हा सगळ्यांत मोठा वाटतो.

झोपणाऱ्यांचं कौतुक केलं, आता पहारेकऱ्यांकडे वळतो आणि इथे माझा आवाज बदलतो. दक्षिणेच्या गॉन्डॉर राज्याचं नेमलेलं काम मॉर्डॉरवर नजर ठेवणं हे होतं. सॉरॉनचा पहिला पाडाव झाल्यावर त्यांनी मॉर्डॉरच्या वेशीवर आणि खिंडींत बुरूज बांधले. पुढे अटानाटार अल्कारिन गादीवर आला (११४९ ते १२२६). गॉन्डॉरची श्रीमंती त्याच्या काळात एवढी वाढली की तिथली पोरं हिऱ्या-माणकांचे खडे करून खेळतात असं लोक म्हणत. पूर्वीच्या राजांचा मुकुट म्हणजे लढाईचं साधं शिरस्त्राण होतं. याने त्याच्या जागी रत्नजडित मुकुट आणला. राज्याचं बळ टिकवण्यासाठी त्याने काहीही केलं नाही, मॉर्डॉरवरचा पहारा ढिला पडला, आणि दोन्ही मुलगे त्याच्याच वळणावर गेले. १६३६ ची महामारी आली तेव्हा बुरूज राखायला माणसंच उरली नाहीत. २००२ साली मॉर्डॉरच्या सीमेवरचं मिनास इथिल हे शहर पडलं आणि त्याचं मिनास मॉर्गुल झालं. राजांना तोवर जिवंतांच्या घरांपेक्षा मेलेल्यांच्या थडग्यांची हौस जास्त झाली होती, मुलांच्या नावांपेक्षा पूर्वजांची नावं प्रिय झाली होती. हे फारामिर सांगतो, आणि तो त्याच राज्याचा माणूस आहे.

सिरिथ उंगोलचा बुरूज सॅम पहिल्यांदा नीट बघतो तेव्हा त्याला एक गोष्ट चमकून जाते. बुरुजाची रचना मॉर्डॉरमध्ये शिरणाऱ्याला अडवण्यासाठी नाही, मॉर्डॉरमधून बाहेर पडणाऱ्याला अडवण्यासाठी आहे. तो शत्रूने बांधलेलाच नाही. आपल्याच लोकांनी शत्रूला कोंडायला बांधला, मग रिकामा सोडला, आणि आता त्याच भिंतीआडून शत्रू आपल्यावर नजर ठेवतो. हॉबिटांनी पहारा सोडला नव्हता, कारण तो त्यांच्याकडे कधी दिलाच नव्हता. गॉन्डॉरकडे दिला होता. अटानाटारच्या मुकुटात चार रत्नं कमी असती आणि बुरुजात चाळीस माणसं जास्त असती, तर पुढच्या हजार-दोन हजार वर्षांत किती माणसं वाचली असती, या विचाराने मला आजही राग येतो. त्यानंतरही एक संधी मिळाली होती. २०६३ ते २४६० अशी जवळपास चारशे वर्षं सॉरॉन पूर्वेकडे निघून गेला होता आणि मिनास मॉर्गुलमधले त्याचे नऊ सेवक गप्प बसले होते. तो परतला तेव्हा पूर्वीपेक्षा बलवान होता.

मात्र निर्धास्तपणाचा या जगातला सगळ्यात उपकारक नमुना गॉन्डॉरमध्ये सापडत नाही, शायरमध्येही नाही. तो खुद्द सॉरॉनमध्ये सापडतो. अंगठी हाती आल्यावर कुणी ती वापरणार नाही, उलट नष्ट करायला निघेल, हे त्याच्या डोक्यातच येऊ शकत नव्हतं. गॅन्डाल्फने सभेत हेच हेरलं आणि मूर्खपणाचंच पांघरूण घेऊन जाऊ या, असा सल्ला दिला. सॉरॉनने आपल्या गडापासून नियतीच्या पर्वतातल्या अग्निकक्षापर्यंत रस्ता बांधला होता. पर्वताच्या उद्रेकाने तो पुन:पुन्हा खचे, बुजे, आणि दरवेळी असंख्य ऑर्क राबून तो मोकळा करत. फ्रोडोला पाठीवर घेऊन सॅम पर्वत चढत असताना हाच रस्ता पायाखाली आला. रस्ता सुस्थितीत होता. कक्षाच्या दाराशी एकही पहारेकरी नव्हता. मध्य-पृथ्वीच्या स्वातंत्र्याचं श्रेय ज्यांना द्यायचं त्यांच्या यादीत, ज्याने हे दार उघडं टाकलं त्याच्या बेसावधपणालाही जागा मिळायला हवी.

शायरचं बिल यानंतर आलं. ते कोऱ्या नकाशातून आलं नाही, शेजाऱ्याच्या घरातून आलं. लोथो सॅकविल-बॅगिन्सने गिरण्या, खानावळी, शेतं, तंबाखूचे मळे विकत घ्यायला सुरुवात केली. माल दक्षिणेकडे जात होता. मेरी आणि पिपिन या हॉबिटांना आयसेनगार्ड या शत्रूच्या गडाच्या भग्नावशेषांत लाँगबॉटम तंबाखूची दोन लहान पिंपं सापडली, त्यांवर शायरच्या हॉर्नब्लोअर घराण्याची छापही होती. त्यांनी पाइप भरले आणि मजेत ओढले. आपल्या गावचा माल शत्रूच्या कोठारात कसा, ही शंका अ‍ॅरागॉर्नला छळू लागली. राखण करणारा आणि राखला जाणारा यांच्यातला फरक एवढ्याशा पिंपावर उतरलेला दिसतो.

फ्रोडो, सॅम, मेरी आणि पिपिन घरी परतले तेव्हा पुलावर फाटक होतं. बारा शिपायांचे शेकडो झाले होते, टोपीतलं पीस तेवढं कायम होतं. खानावळी बंद होत्या, बिअरवर बंदी होती, भिंतींवर नियमांच्या याद्या होत्या. मेजवान्यांचा महापौर विल व्हिटफूट विरोध नोंदवायला निघाला आणि मिचेल डेल्व्हिंगच्या कोठारांत डांबला गेला. ती कोठारं पूर्वी साठवणीसाठी होती. जुनी गिरणी पाडून नवी आली होती आणि टेड सँडीमन, ज्याचा बाप जुन्या गिरणीचा मालक होता, परक्या माणसांसाठी नव्या गिरणीची चाकं पुसत होता. तो खूश होता. निर्धास्त असणं वेगळं आणि टेड असणं वेगळं. टेडला खबर मिळाली होती, त्याने ती हसून उडवली, आणि संकट दारात आल्यावर तो त्याच्याकडे नोकरीला लागला. माझ्या गुणगानातून त्याला मी वगळतो.

उरलेल्यांना मात्र वगळता येत नाही. लोबेलिया सॅकविल-बॅगिन्स, शंभरी पार केलेली आणि आयुष्यभर कुणाला न आवडलेली बाई, हातात छत्री घेऊन गुंडांवर धावून गेली आणि तुरुंगात पडली. टूक कुळाने आपल्या टेकड्यांतली बिळं सोडली नाहीत की कुणापुढे मान तुकवली नाही. बायवॉटरला मेरीने शिंग फुंकलं आणि पिढ्यानपिढ्या युद्ध न पाहिलेले शेतकरी कुऱ्हाडी, धनुष्यं आणि काठ्या घेऊन बाहेर पडले. ३०१९ च्या ३ नोव्हेंबरला लढाई झाली. सुमारे सत्तर गुंड मेले. एकोणीस हॉबिट मेले, तीस जखमी झाले. आपल्या शत्रूंनाही उगाच मारू नका, शायरमध्ये हॉबिटाने हॉबिटाला जाणूनबुजून कधी मारलेलं नाही, हे फ्रोडो त्या दिवसांत पुन:पुन्हा सांगत राहतो. एकोणिसांना टेकडीवर एकत्र पुरलं, तिथे पुढे मोठा दगड उभा राहिला आणि भोवती बाग झाली. लढाईत उतरलेल्या सगळ्यांची नावं एका यादीत लिहिली गेली आणि शायरचे इतिहासकार ती तोंडपाठ करत. नकाशे कोरे ठेवणाऱ्या लोकांनी ही यादी मात्र कोरी ठेवली नाही.

टोल्किन स्वतः १९१६ मध्ये सॉमच्या आघाडीवर होते. १९१८ उजाडेपर्यंत त्यांचे एक सोडून सगळे जिवलग मित्र मेले होते, असं त्यांनी दुसऱ्या आवृत्तीच्या प्रास्ताविकात लिहिलं आहे. शायरच्या नासधुशीत युद्धोत्तर इंग्लंड शोधू नका, असंही तिथेच बजावलं आहे. आपण लहानपणी ज्या मुलखात राहत होतो तो आपण दहा वर्षांचे होण्याआधीच उद्ध्वस्त होऊ लागला होता, एवढं ते सांगतात. निर्धास्त गाव काय असतं आणि ते कसं जातं, हे दोन्ही त्यांनी पाहिलं होतं. म्हणून ते हॉबिटांना हसतात, पण त्यांचा तिरस्कार करत नाहीत.

सॉरॉन पडल्यानंतरच्या शांततेची गोष्टही त्यांनी लिहायला घेतली होती, 'द न्यू शॅडो' या नावाने. काळ सुमारे शंभर वर्षांनंतरचा, जागा गॉन्डॉर. लोकांना चांगल्याचा कंटाळा आला आहे, पोरं ऑर्क होऊन खेळतात आणि झाडांची नासधूस करतात, मोठ्यांत कुठेतरी गुप्त पंथ मूळ धरतो आहे. थोडी पानं झाल्यावर त्यांनी ती सोडून दिली. ती अमंगळ आणि खिन्न करणारी वाटली, लिहिण्याच्या लायकीची नाही, असं त्यांनी १९६४ च्या एका पत्रात म्हटलं आहे. तो तुकडा त्यांच्या मागे १९९६ मध्ये छापला गेला. पोरांचा तो खेळ वाचताना टेड सँडीमनच आठवतो, फक्त या खेपेला तो गॉन्डॉरमध्ये जन्मला आहे आणि त्याच्या पिढीला रेंजर ठाऊक नाहीत.

शायरला मात्र आधी वेगळी वागणूक मिळाली. राजा झाल्यावर अ‍ॅरागॉर्नने आपल्या जुन्या कामाला कायद्याचं रूप दिलं. शायरच्या सनावळीप्रमाणे १४२७ साली त्याने फर्मान काढलं की शायर हा उत्तरेच्या राजदंडाच्या संरक्षणाखालचा स्वतंत्र मुलूख असेल आणि माणसांना तिथे प्रवेश नसेल. फर्मानात राजासाठी अपवाद ठेवला नव्हता. १४३६ मध्ये तो उत्तरेत आला, घोड्यावरून ब्रँडीवाइनच्या पुलापर्यंत गेला आणि तिथे थांबला. मित्र त्याला भेटायला पुलावर गेले. सॅमला, जो तोवर मेजवान्यांचा महापौर झाला होता, त्याने डुनेडाइनांचा तारा दिला, त्याच्या एलानोर या मुलीला राणीच्या सख्यांत घेतलं, आणि पुलाच्या अलीकडे एकही पाऊल न टाकता तो परत फिरला.